सफाईचा ठेका आणि वेठबिगारी : ओळख, कायदा व प्रतिबंध

दरवर्षी ८ फेब्रुवारी रोजी कॅथोलिक ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता हिचा सण साजरा करते. २०१५ पासून हाच दिवस मानवी व्यापाराविरुद्धच्या प्रार्थनेचा आंतरराष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या देवळांतून गुलामगिरीत अडकलेल्यांसाठी प्रार्थना होते. मात्र ज्या देवळात ती होते त्याची फरशी सकाळी कोणी पुसली, त्या व्यक्तीला किती रोज मिळाला आणि तो प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शाळा, दवाखाने, बँका, कचेऱ्या व नगरपालिका यांची सफाई ठेकेदारामार्फत करून घेण्याची पद्धत मोठ्या शहरांत प्रथम रुजली आणि आता ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. चोपड्यासारख्या गावातील वाचकाचा या व्यवहाराशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. एकीकडे आपल्या संस्था अशा सेवा विकत घेतात. दुसरीकडे सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून सुरत, नाशिक, पुणे व मुंबईकडे मजुरीसाठी जाणारी माणसेही आपलीच असतात. म्हणूनच सफाईच्या व्यवसायात व त्याच्या पुरवठासाखळीत आधुनिक गुलामगिरी कशी शिरते, कायदा काय सांगतो आणि तिला आळा कसा घालता येतो, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

आधुनिक गुलामगिरी म्हणजे काय?

बाजारात माणसांची उघड विक्री आज होत नाही. साखळदंडही दिसत नाहीत. तथापि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व तिच्या सहकारी संस्थांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, २०२१ मध्ये जगातील ४ कोटी ९६ लाख माणसे आधुनिक गुलामगिरीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या मजुरीत, तर २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेली होती.

सक्तीच्या मजुरीची व्याख्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय करारात दिलेली आहे. शिक्षेच्या धाकाखाली आणि स्वेच्छेविना करून घेतलेले काम म्हणजे सक्तीची मजुरी. भारताने हा करार १९५४ साली मान्य केला. येथे धाक म्हणजे केवळ मारहाण नव्हे. अडकवून ठेवलेला पगार, फिटत नसलेली उचल, मुकादमाच्या पेटीत पडलेले आधार कार्ड, हेही धाकच होत.

इंग्लंडने २०१५ साली आधुनिक गुलामगिरी विरोधी कायदा केला. वार्षिक उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंड वा त्याहून अधिक असलेल्या कंपन्यांना, आपल्या कामकाजात व पुरवठासाखळीत गुलामगिरी शिरू नये म्हणून काय केले याचे निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करावे लागते. सफाई कंपन्याही त्यात आल्या. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली असाच कायदा केल्यावर तेथील अनेक कॅथोलिक धर्मप्रांत, रुग्णालये व शिक्षणसंस्था या कामासाठी एकत्र आल्या आणि आपण कोणाकडून काय विकत घेतो याची तपासणी त्यांनी सुरू केली.

खानदेशास हे नवे नाही

आपल्या भागात हा विषय समजावून सांगण्यास परदेशी उदाहरणांची गरज नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे साल ठरते. ठरलेल्या रकमेचा काही भाग आधी उचल म्हणून घेतला जातो आणि वर्षभर कामातून फेडला जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा हिशेबही मुकादमाच्या उचलीवरच चालतो. उचल घेणे हा गुन्हा नाही. लग्नकार्य, आजारपण वा घरात धान्य नसणे अशा अडचणीत ती आधारही ठरते. पण जेव्हा उचल फिटल्याचा हिशेब दाखवला जात नाही, व्याज कोणत्या दराने चढते ते सांगितले जात नाही, आणि फिटेपर्यंत दुसरीकडे काम करण्यास मज्जाव होतो, तेव्हा त्या उचलीची वेठबिगारी होते.

सफाईच्या कामामागे तर जातीचा इतिहास उभा आहे. गावची कामे पिढ्यान्पिढ्या एका जातीवर लादणाऱ्या महार वतनाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गुलामगिरीच मानले व १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडले. ते वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडले. वतन गेले, परंतु गटार, शौचालय व कचरा यांचे काम विशिष्ट जातींनीच करावे ही अपेक्षा गेली नाही. ठेक्याच्या पद्धतीने त्या अपेक्षेवर नवा कागद चढवला, एवढेच.

ख्रिस्तसभेची शिकवण

मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय व अनुवाद या पुस्तकांत आहे. अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाच्या पत्रात म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली गुलामगिरीची, तसेच माणसाला केवळ नफ्याचे साधन मानणाऱ्या कामाच्या परिस्थितीची, मानवी प्रतिष्ठेवरील कलंकांमध्ये गणना केली.

आपल्या विषयासाठी दोन विश्वपत्रे विशेष महत्त्वाची आहेत. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये मजुरीच्या कराराविषयी मूलभूत विचार मांडला. मालक व मजूर यांचा करार राजीखुशीने झाला असे दिसले, तरी गरजेपोटी किंवा त्याहून वाईट गोष्टीच्या भीतीने मजुराने अपुऱ्या मजुरीस होकार दिला असेल, तर तो अन्यायाचा व बळजबरीचाच बळी होय. २०२५ साली निवडून आलेल्या पोप लिओ चौदाव्यांनी आपले नाव घेताना याच विश्वपत्राचे स्मरण केले.

दुसरे विश्वपत्र पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९८१ सालचे ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’. त्यात त्यांनी ‘अप्रत्यक्ष मालक’ ही संकल्पना मांडली. कामगाराला पगार देणारा तो प्रत्यक्ष मालक. परंतु त्या पगाराची व कामाच्या अटींची चौकट ज्या व्यक्ती, संस्था व धोरणे ठरवतात, तेही जबाबदार असतात. सफाईचा ठेका देणारी शाळा, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणारी समिती, महिन्याची वर्गणी वाढू नये म्हणून अडून बसणारी गृहनिर्माण संस्था हे सारे या अर्थाने अप्रत्यक्ष मालक आहेत. आमच्या मते प्रतिबंधाचा खरा आरंभ येथूनच व्हावयास हवा.

सफाईच्या कामात धोका अधिक का?

पहिले कारण असे की या कामात खर्चाचा बहुतांश भाग मजुरीचाच असतो. कारखानदार यंत्र सुधारून खर्च कमी करू शकतो. सफाईच्या ठेकेदारास दर पाडायचा असेल तर मजुरीला हात लावण्यावाचून फारसा मार्ग नसतो.

दुसरे, काम पहाटे, रात्री किंवा कचेरी सुटल्यावर चालते. कामगार कोणाच्या नजरेस पडत नाही. तिसरे, एका ठेकेदाराने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने मुकादमाला काम देण्याची प्रथा आहे. मधल्या प्रत्येक हातात काही रक्कम राहते व जबाबदारी मात्र कोणाच्याच हाती राहत नाही. चौथे, या कामावर येणाऱ्यांत स्त्रिया, स्थलांतरित, दलित व आदिवासी यांचे प्रमाण मोठे असते. चोपडा तालुक्याच्या उत्तरेकडील पावरा किंवा भिल्ल कुटुंबातील तरुण परक्या शहरात गेला, की भाषा, ओळख व निवारा या तिन्ही गोष्टींसाठी तो मुकादमावरच अवलंबून राहतो.

मुंबईतील दोन दाखले

मुंबई महानगरपालिकेने कचरा वाहतुकीचे काम अनेक वर्षे ठेकेदारांकडून करून घेतले. १९९७ साली स्थापन झालेल्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने, मिलिंद रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, या कामगारांचा प्रश्न न्यायालयात नेला. ठेके हा केवळ कागदी बनाव असून कामगार वस्तुतः महापालिकेचेच आहेत, असा निर्णय औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला आणि ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा मार्ग मोकळा केला. काम तेच, रस्ता तोच, घाणही तीच. तरी कायम कामगार व ठेक्याचा कामगार यांच्या पगारात, रजेत व सुरक्षिततेत जे अंतर होते ते केवळ कागदाने निर्माण केलेले होते, हे या लढ्याने दाखवून दिले.

दुसरा दाखला खाजगी गृहनिर्माण संस्थेचा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथे एका इमारतीची मलटाकी साफ करताना तीन कामगारांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. काम खाजगी होते, ठेका खाजगी होता, म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही, हा त्या आदेशाचा आशय होता.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने मानवी व्यापार, वेठ व सक्तीची मजुरी यांना मनाई केली आहे. हा अनुच्छेद केवळ शासनाला नव्हे, तर खाजगी व्यक्तींनाही बंधनकारक आहे.

दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, १९८२ साली, न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने या अनुच्छेदाचा अर्थ विशद केला. भूक व दारिद्र्य यांमुळे ज्याला दुसरा पर्यायच उरत नाही, त्याच्यावरील आर्थिक दडपण हीसुद्धा सक्तीच होय. म्हणून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात करून घेतलेले काम सक्तीची मजुरी ठरते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. रोममधून १८९१ साली निघालेले विश्वपत्र आणि दिल्लीतील १९८२ सालचा निकाल येथे एकाच निष्कर्षाप्रत येतात. गरजेपोटी दिलेला होकार हा खरा होकार नव्हे.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा १९७६ साली संमत झाला व तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले जाते. त्यातील मुख्य तरतुदी अशा :

१. वेठबिगारास कारण झालेले कर्ज कायद्यानेच संपुष्टात येते. ते फेडण्याची जबाबदारी मजुरावर राहत नाही.
२. कर्ज वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर वा मालकावर असतो, मजुरावर नसतो.
३. वेठबिगारी करावयास लावणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
४. अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर असून जिल्हा व उपविभाग स्तरावर दक्षता समित्या असाव्यात.

मजूर अनुसूचित जाती वा जमातीचा असल्यास त्याच्याकडून वेठबिगारी करून घेणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा ठरू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या १४६ व्या कलमाने एखाद्यास त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे काम करावयास लावणे दंडनीय ठरवले आहे, तर १४३ वे कलम मानवी व्यापाराविषयी आहे.

२०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास व संरक्षक साधनांविना गटारात वा मलटाकीत माणूस उतरवण्यास बंदी घातली. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूंसाठीची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांपर्यंत वाढवली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. वेतनसंहितेनुसार मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यावा लागतो, पगारातील एकूण कपात निम्म्याहून अधिक करता येत नाही, जादा कामाचा मोबदला किमान दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि काम सुटल्यास दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पुरा करावा लागतो. ठेकेदाराने पगार थकवला तर ज्या आस्थापनेत काम चालते तिच्यावर तो देण्याची जबाबदारी येते. ‘आम्ही ठेकेदाराला पैसे दिले, पुढचे त्याचे तो जाणे’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

ठेक्याचे गणित

एखादा दर प्रामाणिक आहे की नाही, हे कागदावर पाच मिनिटांत तपासता येते. समजा, कामगाराचे किमान वेतन १०० रुपये आहे. भविष्य निर्वाह निधी लागू असेल तर मालकाचा वाटा व संबंधित आकार मिळून सुमारे १३ रुपये होतात. कामगार राज्य विमा लागू असेल तर मालकाचा वाटा ३ रुपये २५ पैसे. किमान बोनस ८ रुपये ३३ पैसे. म्हणजे १०० रुपयांची मजुरी कायदेशीरपणे देण्यास १२४ रुपये ५८ पैसे लागतात.

आठवड्याचे सातही दिवस सेवा हवी असेल, तर साप्ताहिक सुटीच्या दिवशी बदली कामगार लागतो. त्याचा खर्च मजुरीच्या जवळजवळ एक षष्ठांश येतो. त्यावर खराटे, फिनेल, हातमोजे, गमबूट, गणवेश, रजा आणि शेवटी ठेकेदाराचा मेहनताना. जो ठेकेदार १०० रुपये मजुरीच्या कामासाठी ११० रुपयांची निविदा भरतो, तो उदार नाही व चमत्कारही करत नाही. उरलेली रक्कम कामगाराच्या हक्काच्या पैशांतूनच निघणार आहे. आणि ती निविदा ‘सर्वांत स्वस्त’ म्हणून स्वीकारणाऱ्या समितीने त्या कपातीवर नकळत का होईना, सही केलेली असते.

महाराष्ट्रात किमान वेतन परिमंडळ व कामाच्या कौशल्यानुसार ठरते आणि त्यातील विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. म्हणून तीन वर्षांचा ठेका एकाच ठोक दराने देणे धोक्याचे असते. भत्ता वाढेल तसा दरही वाढेल, अशी अट करारातच हवी.

पुरवठासाखळी : खराटा, हातमोजे व गणवेश

सफाई कंपनीची जबाबदारी तिच्या कामगारांपुरती संपत नाही. जी साधने ती विकत घेते, ती कोणाच्या श्रमांतून आली हेही पाहावे लागते.

रबरी हातमोज्यांचे उदाहरण बोलके आहे. जगातील हातमोज्यांचा मोठा भाग मलेशियात तयार होतो व तेथील कारखान्यांत नेपाळ, बांगलादेश आदी देशांतील स्थलांतरित काम करतात. नोकरी मिळवण्यासाठी दलालांना दिलेल्या मोठ्या रकमांमुळे हे कामगार कर्जात बांधले गेले होते. जुलै २०२० मध्ये, करोनाची साथ भरात असताना, अमेरिकेने टॉप ग्लोव्ह या कंपनीच्या दोन उपकंपन्यांच्या मालावर सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदी घातली व पुढे ती वाढवली. कंपनीने कामगारांचे दलालीचे पैसे परत केल्यावर व सुधारणा केल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये बंदी उठली. खरेदीदाराने आग्रह धरला तर परिस्थिती बदलते, हा यातील धडा होय.

गणवेशाचे कापड व फरशी पुसण्याचे पोछे कापसाचे असतात, आणि कापूस तर खानदेशाचे पीक. तामिळनाडूतील सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ या नावाने चाललेल्या योजनेत तरुण मुलींना तीन वर्षांच्या शेवटी एकरकमी पैसे देण्याच्या आशेवर वसतिगृहात ठेवून काम करून घेतले जाई. शेवटची रक्कम हाती पडेपर्यंत मुलीला काम सोडता येत नसे. भारतातील संकरित कापूस-बियाण्यांच्या शेतीचे नावही बालमजुरी व सक्तीच्या मजुरीबाबत अमेरिकेच्या श्रम खात्याच्या यादीत आलेले आहे.

केरसुणी व खराट्यांचे बव्हंशी घरगुती उत्पादन होते. शिंदीच्या पानांची केरसुणी बांधण्याचे काम महाराष्ट्रात परंपरेने मातंग समाज करीत आला आहे. या वस्तू थेट त्या कारागिरांकडून वा त्यांच्या गटांकडून रास्त भावाने घेतल्यास मधले हात कमी होतात आणि पैसा गावातच राहतो.

ओळखण्याच्या खुणा

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या अकरा खुणा सांगितल्या आहेत : असहायतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकटे पाडणे, शारीरिक व लैंगिक अत्याचार, धमकावणे, ओळखपत्रे काढून घेणे, पगार अडवणे, कर्जात बांधणे, राहण्या-कामाची अमानुष परिस्थिती आणि अतिरिक्त तास काम. सफाईच्या ठेक्यात त्या पुढील रूपांत दिसू शकतात :

१. कामगाराचे एटीएम कार्ड वा बँकेचे पासबुक मुकादमाजवळ असते. किंवा खात्यात पूर्ण पगार जमा होतो व त्यातील काही रक्कम रोख परत द्यावी लागते.
२. हजेरीपटावर नावे वेगळी आणि कामावर माणसे वेगळी असतात.
३. पगारपत्रक दिले जात नाही. भविष्य निर्वाह निधी कापला जातो, पण खात्याचा क्रमांक कामगारास ठाऊक नसतो.
४. काम मिळवण्यासाठी कामगाराला पैसे भरावे लागले आहेत.
५. उचल किती, फिटली किती, याचा लेखी हिशेब नाही.
६. कामगार एकट्याने बोलण्यास घाबरतो; प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मुकादमच देतो.
७. आजारपणात वा सणाला गावी जाण्यास परवानगी मिळत नाही, किंवा घरचे एक माणूस ‘तारण’ म्हणून मागे ठेवावे लागते.

एखादीच खूण दिसली म्हणून गुलामगिरी सिद्ध होत नाही. परंतु दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर चौकशी न करणे हे अज्ञान राहत नाही.

सफाई कंपनीने काय करावे?

कामगारभरतीचा खर्च कंपनीने सोसावा. कामगाराकडून दलाली घेऊ नये. प्रत्येकास त्याला समजेल अशा भाषेत नेमणूकपत्र द्यावे, आणि पावरी, भिलोरी वा अहिराणी बोलणाऱ्यास त्यातील मजकूर तोंडी समजावून सांगावा. पगार कामगाराच्या स्वतःच्या खात्यात जमा करावा. मूळ ओळखपत्रे कोणत्याही सबबीखाली ठेवून घेऊ नयेत. उचल दिली तर ती बिनव्याजी, लेखी व ठरावीक हप्त्यांत फिटणारी असावी; आणि फिटली नसली तरी काम सोडण्याचा हक्क अबाधित राहावा. पोटठेका लेखी परवानगीविना देऊ नये. तक्रारीसाठी मुकादमाच्या वरचा एक माणूस नेमून त्याचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना द्यावा. गटार वा मलटाकीत माणूस उतरवण्याचे काम स्वीकारूच नये. ते यंत्राने करणाऱ्यांकडे सोपवावे.

काम देणाऱ्या संस्थांनी काय करावे?

हा भाग आम्ही मुख्यतः आपल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने, मठ व धर्मग्रामांसाठी लिहीत आहोत. निविदा उघडताना वर दिलेले गणित आधी मांडावे आणि त्याखालील दर बाजूला ठेवावेत. दरमहा देयक मंजूर करण्यापूर्वी मागील महिन्याचे पगारपत्रक, बँकेत पगार जमा झाल्याचा पुरावा व भविष्य निर्वाह निधीचे चलन मागावे. वर्षातून दोन वेळा तरी, मुकादमाच्या अनुपस्थितीत, कामगारांशी बोलावे. स्त्री कामगारांशी स्त्रीने बोलावे. धर्मभगिनी हे काम उत्तम रीतीने करू शकतात. पिण्याचे पाणी, बसण्याची जागा, कपडे बदलण्याची खोली व शौचालय यांत कामगारांना वेगळी वागणूक मिळू नये. आणि आपण स्वतः देयक वेळेवर द्यावे. संस्थेने तीन महिने पैसे थकवले, तर ठेकेदार कामगाराला उचल देऊन बांधतो. त्या गाठीचे एक टोक आपल्या हाती असते.

शक्य तेथे ठेक्याशिवाय, थेट नेमणुकीने काम करून घेणे सर्वांत चांगले. पुण्याचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. तेथे १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच कामगारांच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निर्माण झाली व २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या स्त्रिया येथे ठेकेदाराच्या मजूर नसून संस्थेच्या सभासद आहेत. अडचणी तेथेही आल्या, परंतु मधला हात काढून टाकता येतो, हे सिद्ध झाले.

अशी व्यक्ती भेटल्यास

प्रथम तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा. मुकादमाला जाब विचारण्याची घाई केल्यास कामगारांना रातोरात दुसरीकडे हलवले जाण्याचा धोका असतो. तिच्या संमतीने माहिती लिहून घ्यावी व ती जिल्हाधिकारी, प्रांताधिकारी वा तहसीलदार यांच्याकडे लेखी द्यावी. विनामूल्य विधी साहाय्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. बालक असल्यास १०९८ वर कळवावे. अनुसूचित जाती-जमातीवरील अत्याचारासाठी १४५६६ हा क्रमांक आहे.

मुक्ततेनंतर ‘मुक्ती प्रमाणपत्र’ मिळवणे अत्यावश्यक असते; कारण पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते. केंद्र शासनाच्या योजनेत तातडीची मदत ३० हजार रुपयांपर्यंत आणि पुढील साहाय्य प्रकरणाच्या स्वरूपानुसार एक, दोन वा तीन लाख रुपये असे आहे. गावी परतलेल्या कुटुंबास पहिले सहा महिने फार कठीण जातात. त्या काळात रोजगार, मुलांची शाळा व धान्य यांची व्यवस्था झाली नाही, तर तेच कुटुंब नवी उचल घेऊन पुन्हा त्याच वाटेला लागते. धर्मग्रामातील लघु ख्रिस्ती समूहांनी येथे जात-धर्म न पाहता उभे राहावे.

समारोप

संत बखिता ही सुदानमधून बालपणी पळवून नेलेली मुलगी. अनेकदा विकली गेल्यावर ती इटलीत आली. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी व्हेनिसच्या न्यायालयाने निर्णय दिला की तेथील कायद्यात गुलामगिरीला स्थान नसल्याने ती स्वतंत्रच आहे. तिला ते कोणी सांगितलेले नव्हते. तिच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या कनोसियन भगिनींमुळे तो प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. पुढे त्याच संघात ती भगिनी झाली व १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संतपद बहाल केले.

आपल्या देशातही कायदा आहे. वेठबिगारीचे कर्ज त्याने कधीच रद्द केले आहे. उणीव आहे ती कामगाराला हे सांगणाऱ्याची व त्याच्या शेजारी उभे राहणाऱ्याची. आपल्या धर्मप्रांतातील प्रत्येक संस्थाप्रमुखाने येत्या महिन्याचे सफाईचे देयक मंजूर करण्यापूर्वी कामगारांचे पगारपत्रक एकदा मागवून वाचावे, अशी आमची नम्र विनंती आहे. संत जोसेफिन बखिता आपणा सर्वांसाठी प्रार्थना करो.